नेई बेरेताच्या फुटलेल्या बाटल्या

नेई बेरेताच्या, म्हणजे आमच्या बेरेताबाईच्या, हातच्या काकवीला सगळ्या बेटावर तोड नव्हती. तिच्याशी भांडलेल्या बायकासुद्धा हे कबूल करायच्या, आणि तिच्याशी कधीच न भांडलेल्या बायका गावात थोड्याच होत्या. तिचा नवरा बाउरो दिवसातून दोनदा माडावर चढायचा. वर बसून, गळा मोकळा सोडून गाणं म्हणत पोय, म्हणजे माडाचा कोवळा फुलोरा, तासायचा आणि थेंबथेंब साठलेली नीरा खाली आणायचा. सकाळची नीरा प्यायला. दुपारची बेरेता चुलीवर चढवायची. नारळाच्या सोडणांचा जाळ मंद ठेवून ती तिथेच बसून राहायची. नीरा आधी फेसाळायची, मग पिवळसर, मग तांबूस व्हायची, आणि पळीवरून तार धरू लागली की मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन ती भांडं उतरवायची. या काकवीचा एक चमचा पाण्यात ढवळला की पोरांचं दूध म्हणा, आजाऱ्याचं औषध म्हणा, पाहुण्याचा चहा म्हणा, सगळं तेच.

बेरेता तोंडाने फटकळ होती, पण खोटं बोलणारी नव्हती. हे तिचं नाव होतं आणि तिला त्याचा थोडा गर्वही होता. कुणाची चटई विरळ विणलेली असली तर ती तोंडावर सांगायची. पाळकांचं प्रवचन लांबलं तर दारातच त्यांना म्हणायची, "आज प्रभूलाही भूक लागली असेल." देवळाच्या महिला मंडळाची ती नऊ वर्षं प्रमुख होती ती याच गुणावर. बायका म्हणायच्या, बेरेता बोलली म्हणजे ते तसंच असणार.

पोटचं मूल तिला झालं नाही. धाकटी बहीण बाळंतपणात गेली, तिची मुलगी माएरे बेरेतानेच वाढवली. आईची बहीण म्हणजे आमच्याकडे आईच असते, त्यामुळे माएरे तिला आईच म्हणायची. आता माएरे लग्न होऊन राजधानीच्या बेटावर राहत होती, आणि तिला दहा महिन्यांचा मुलगा होता. महिन्याकाठी जहाज यायचं, त्यातून बेरेता तिला काकवी पाठवायची. बाळ दिवसातून दोनदा ती पाण्यातून प्यायचं. जहाज म्हणजे बेरेताला त्या बाळाचं तोंड दिसल्यासारखं व्हायचं.

त्याच सुमाराला दवाखान्याची नर्स, नेई तेकेआ, शिकून परत आली आणि तिने मानेअबात, म्हणजे आमच्या गावच्या सभाघरात, बायकांना बोलावलं. पोरगी तरुण, आवाज बारीक. समोर सगळ्या आयाबाया केवड्याच्या चटयांवर मांडी घालून बसलेल्या. तिने एक सरबताची जुनी प्लास्टिकची बाटली वर धरली. घासून घासून आतून पांढरी पडलेली.

"ही कुणाची?" तिने विचारलं.

"सगळ्यांचीच," मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"बरोबर. हिच्यात आपण काय भरतो?"

"काकवी!"

"कशी? गार की गरम?"

यावर बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. गार काकवी कोण भरतं? गरम असते तेव्हाच ती पातळ असते, नरसाळ्यातून सरसर उतरते. गार झाली की हात दुखून येतात. बाटली मऊ पडून कमरेत वाकली तरी बायका फडक्याने धरून भरायच्या.

तेकेआने मग सांगितलं. प्लास्टिकमध्ये काही रासायनिक द्रव्यं असतात, त्याला मऊपणा किंवा टणकपणा यावा म्हणून घातलेली. गरम पदार्थ भरला, बाटली उन्हात टांगली, किंवा वर्षानुवर्षं तीच घासून वापरली, की त्यातलं थोडं थोडं पेयात उतरतं. एका बाटलीने माणूस मरत नाही. पण रोज, लहानपणापासून, पोटातल्या बाळापासून ते अंगात जात राहिलं तर शरीराची आतली घडी बिघडू शकते असं डॉक्टर म्हणतात. किती बिघडते हे अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. "आणि ठाऊक नाही म्हणून तर जपायचं," ती म्हणाली. "काच वापरा. स्टीलचं भांडं वापरा. पत्र्याच्या डब्यावर विसंबू नका, त्यालाही आतून प्लास्टिकचा मुलामा असतो. आणि काहीच नाही मिळालं तर आजोबा वापरायचे ती करवंटी आहेच की."

"आणि थांबा," ती शेवटी म्हणाली. "गार होईपर्यंत थांबायला शिका."

बेरेताला माएरेचं बाळ आठवलं. गेले चार महिने ते कशातून पीत होतं ते आठवलं. ती उठून उभी राहिली. कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"मंडळाची प्रमुख म्हणून मी सांगते," ती म्हणाली. "आजपासून आपल्या मंडळातली एकही बाई गरम काकवी प्लास्टिकमध्ये भरणार नाही. आधी मी. माझ्या घरातून प्लास्टिकची बाटली जहाजावर चढली तर मला सगळ्यांसमोर विचारा."

टाळ्या पडल्या. तिची थोरली जाऊ काबुता, बाउरोच्या वारलेल्या भावाची बायको, शेजारी बसली होती. ती पुटपुटली, "झालं. आता हिला विचारत बसायचं काम आम्हाला."

काचेच्या बाटल्या बेटावर उगवत नाहीत. पुढचा महिना बेरेता त्यांच्याच मागे लागली. सॉसची एक, मुरंब्याच्या दोन बरण्या, बिअरच्या पाच, दुकानदाराच्या बायकोला चटई विणून देऊन मिळवलेल्या तीन, आणि किनाऱ्यावर लागलेली एक, जिच्यावर कुठल्या भाषेतली अक्षरं होती देव जाणे. बारा झाल्या. तिने त्या वाळूने घासल्या, उकळल्या, उलट्या मांडून वाळवल्या. बाउरोलाही तिने माडावरच्या प्लास्टिकच्या बाटल्या उतरवायला लावल्या.

"काच नेऊ का वर?" त्याने विचारलं. "खालून तू चालली असलीस आणि सुटली हातातून, तर मी मोकळा."

"करवंट्या ने. तुझ्या बापाने काय नेलं होतं वर?"

"बाप बारीक होता," बाउरो म्हणाला, पण दुसऱ्या दिवशी त्याने करवंट्या तासून, दोरी ओवून तयार केल्या. त्या हलक्या असतात हे त्याने चार दिवसांनी मान्य केलं. तेही गाण्यातून, वर बसून, तिचं नाव घालून.

त्या महिन्याचं जहाज शुक्रवारी येणार होतं. मंगळवारी काबुता आली.

आमच्या बेटांवर बुबुती म्हणून एक रीत आहे. नात्यातलं माणूस समोर येऊन बसलं आणि म्हणालं की मी बुबुती करायला आलो आहे, की त्याने जे मागितलं ते द्यायचं. होडी मागितली तर होडी, अंगावरचा सदरा मागितला तर सदरा. नाही म्हणायला आमच्यात तोंड नसतं. नाही म्हणणाऱ्याची लाज त्याच्या नातवंडांना पुरते. दुष्काळात, वादळात माणसं यावरच तगली, म्हणून कुणी या रीतीला नावं ठेवत नाही. फक्त नवी वस्तू घरी आली की जो तो आधी ती झाकतो. मागण्याआधी झाकणं चालतं. मागितल्यावर खोटं बोलणं, ते मात्र चालत नाही.

बेरेताने बाटल्या झाकल्या होत्या. घरामागे सोडणांचा ढीग होता, त्याच्याखाली खोबऱ्याच्या पोत्यात घालून. काबुताला वाटेवर पाहिलं तेव्हाच तिने ढिगावर आणखी दोन सोडणं टाकली.

काबुता चौथऱ्यावर चढून बसली. आधी पावसाचं बोलणं झालं, मग गुडघ्यांचं. मग ती म्हणाली, "बेरेता, मी बुबुती करायला आलेय."

"बोला ना, ताई."

"शनिवारी नातीचा पहिला वाढदिवस. साठ-सत्तर माणूस येईल. नीरा द्यायची तर प्लास्टिकातून कशी देऊ? तूच मानेअबात उठून बोललीस. तुझ्याच घरात काचेची बाटली आहे म्हणतात. बारा आहेत असं ऐकलं. त्या दे."

दे म्हणजे दे. बुबुतीची वस्तू परत येत नाही, आणि मागायचीही नसते. बेरेताच्या डोळ्यांपुढे एका क्षणात सगळं येऊन गेलं. शुक्रवारचं जहाज, मानेअबातल्या टाळ्या, बाळाचं तोंड. मनात आलं, सांगावं की ताई, शुक्रवार जाऊ दे, माझा शब्द गेलाय. पण ते 'नाही'च झालं असतं, आणि 'नाही' तिच्या तोंडात कधी घडलंच नव्हतं. तोंडात दुसरंच घडलं.

"फुटल्या, ताई."

"काय?"

"बाटल्या. काल फुटल्या. पोत्यात होत्या, पोतं पडलं."

"बाराच्या बारा?"

"हो."

काबुता तिच्याकडे बघत राहिली. मग तिने जिभेने चुक् केलं. "अगं बाई. आणि तू महिनाभर राबलीस त्यांच्यासाठी." ती उतरून जाताना बेरेताच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "काच गोळा करताना जपून हो. पायात जाईल."

बेरेता तिथेच बसून राहिली. काबुताने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आता खोट्याला पाय फुटले होते. ज्या बाटल्या फुटल्या त्यांच्यातून काकवी जहाजावर कशी चढवणार? धक्क्यावर अख्खं गाव असतं. गुरुवारी तिने शेजारणीकडून सरबताच्या जुन्या प्लास्टिकच्या बाटल्या मागून आणल्या आणि शुक्रवारी पहाटे काकवी उकळली. निदान गार करून भराव्या, एवढं तरी करावं, असं तिने ठरवलं. पण जहाज वेळेच्या आधीच दिसलं, भांडं कडेला कोमट झालेलं, मध्यावर हात लावला तर चटका बसत होता. बाउरो हाक मारत होता. तिने भरली. बाटली हाताखाली मऊ पडली आणि कमरेत वाकली. तिने ती फडक्याने धरली, नेहमीसारखी.

धक्क्यावर कुणी तिला विचारलं नाही, तेच वाईट. बायकांना काबुताकडून कळलं होतं. "ऐकलं आम्ही," एक म्हणाली. "सगळ्याच फुटल्या ना? देवाची मर्जी." दुसरीने तिच्या खांद्यावरून हात फिरवला. माएरेची बाटली खोक्यात इतरांच्या बाटल्यांत गेली. मंडळाच्या चार बायकांनी त्या दिवशी मुरंब्याच्या बरण्यांतून काकवी पाठवली होती. तिचं ऐकून.

त्या संध्याकाळी बाउरो घरामागून आला आणि चुलीपाशी उकिडवा बसला.

"सोडणं संपत आली चुलीपुढची," तो म्हणाला. "ढिगाला हात लावू, की नको?"

तिने मान वर केली नाही. "नको," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला, आणि उठून शेजाऱ्याकडून सोडणं आणायला गेला. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. त्या 'बरं'ने तिचे कान जेवढे तापले तेवढे एकतीस वर्षांत तापले नव्हते.

शनिवारी वाढदिवसाला ती गेली नसती तर बरं, पण न जाऊन कसं चालेल? काबुताने मांडव केवड्याच्या पानांनी सजवला होता. डुक्कर भाजलं होतं, नीरफणस होता, अळूचे मोठे कांदे नारळाच्या दुधात. आणि प्रत्येक पाहुण्यापुढे एकेक शहाळं.

"बाटल्या नाहीत तर नाहीत," काबुता सगळ्यांना सांगत होती. "देवाने झाडावरच भरून ठेवल्यात, बूच लावून. माझ्या पुतण्यांचे पाय सोलले तेवढेच." लोक हसत होते. बेरेताने शहाळं तोंडाला लावलं आणि तसंच खाली ठेवलं.

जेवणं झाल्यावर काबुता मध्ये उभी राहिली. नातीला कडेवर घेतलेलं. बेरेताला वाटलं, आता आभार मानेल. काबुता म्हणाली,

"आज नातीचा दिवस, म्हणून मला तुमच्याकडे काहीतरी मागायचा हक्क आहे. मी सगळ्यांकडे बुबुती करते. माझ्यासाठी नाही. माझ्या जावेने आपल्या सगळ्यांच्या पोरांसाठी बाटल्या जमवल्या, आणि त्या फुटल्या. ती फटकळ आहे, मला तिचं तोंड आवडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ती उभी राहिली तेव्हा दुसरं कुणी उभं राहिलं नव्हतं. ज्याच्या घरात काचेची बाटली असेल त्याने ती नेई बेरेताला द्यावी."

मांडवात टाळ्या झाल्या. सगळ्यांच्या माना बेरेताकडे वळल्या. तिने मान खाली घातली, आणि लोकांना वाटलं की तिला भरून आलं.

सोमवारपासून बाटल्या येऊ लागल्या. कुणी औषधाची आणली, कुणी लोणच्याची, कुणी झाकण नसलेली. एका म्हातारीने तिच्या दातांची बरणी आणली. "दात आता पेल्यात ठेवते," ती म्हणाली, "तशीही मी झोपेत काही चावत नाही." तरुण बायका सायकलवरून आल्या. कुणी काही परत मागितलं नाही. मंगळवारी दुपारपर्यंत चौथऱ्यावर सव्वीस बाटल्या उभ्या होत्या, आणि प्रत्येक बाटलीला बेरेताला "देव तुमचं भलं करो" म्हणावं लागलं होतं. सव्वीस वेळा.

सर्वांत शेवटी काबुता आली. तिच्या हातात एक जाड हिरवी बाटली होती, मान आखूड, बुडाला बुडबुडे. बेरेताने ती ओळखली. सासरा तरुणपणी फॉस्फेटच्या खाणीवर कामाला गेला होता, तिथून त्याने ती आणली होती. घरात तेवढी एकच वस्तू त्याच्या हातची राहिली होती. काबुता तिच्यात फुलांचं तेल ठेवायची आणि सणावारी केसांना लावायची.

"तेल?" बेरेताने विचारलं.

"पोरीबाळींना वाटून टाकलं. चार पाण्यांनी धुतलीय, राखेने घासलीय. वास राहिला असेल थोडा." काबुताने बाटली बाकीच्यांच्या शेजारी ठेवली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. "बाळाची याच्यातून पाठव. सासऱ्यांना पणतू म्हणजे पणतूच, कुणाचा का असेना."

ती गेल्यावर बेरेता दवाखान्यापाशी गेली, जिथे फोन लागतो तिथे. माएरेने पहिल्याच घंटीला उचलला.

"आई! काकवी मिळाली."

"बाळाला दिलीस का?"

"रोज देते. चाटून पुसून पितो. शेजारीण म्हणत होती, बाजारातली आण, स्वस्त पडते. मी म्हटलं, नको गं बाई, ती कशात भरलेली असते देव जाणे. आईने पाठवली म्हणजे मी निर्धास्त."

बेरेताने फोन दुसऱ्या कानाला लावला. फोनात वारा घोंगावत होता.

"आई? आहेस ना?"

"ती नको देऊस," ती म्हणाली. "आंबली असेल."

"नाही गं, चांगली गोड आहे."

"नको देऊस म्हणते ना!" ती ओरडली, आणि फोन बंद केला. हे दुसरं खोटं. ज्या पोरीला चमच्याने पाजून वाढवलं, तिच्याशी.

परत येताना ती देवळात शिरली. कुणी नव्हतं. ती मागच्या चटईवर बसली आणि प्रार्थना करू लागली, पण मन लागेना. प्रभूला काय सांगायचं? त्याला सगळं ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना सांगायचं राहिलं होतं. ती 'आमेन' न म्हणताच उठली.

घरी येऊन तिने ढिगाची सोडणं एकेक करून बाजूला केली. बाउरो माडावर होता, त्याचं गाणं थांबलं. वरून त्याला सगळं दिसत होतं. तिने पोतं ओढलं. पोतं जड होतं, दगडावर आपटलं आणि आतून आवाज आला. उघडून पाहिलं तर किनाऱ्यावर लागलेली ती अनोळखी अक्षरांची बाटली दोन तुकडे होऊन पडली होती.

ती पोतं डोक्यावर घेऊन निघाली. गावाला रस्ता एकच. बाटल्या पावलागणिक खणखण वाजत होत्या आणि दोन्ही बाजूंच्या घरांतून माणसं बघत होती. "आणखी मिळाल्या वाटतं?" कुणीतरी आनंदाने ओरडलं. ती चालत राहिली.

काबुता मासे साफ करत होती. बेरेताने पोतं तिच्यापुढे ठेवलं, स्वतः खाली वाळूत बसली, चटईवर नाही, आणि एकेक बाटली काढून मांडली.

काबुताने मासा हातात तसाच धरला. सॉसची बाटली पाहिली, बिअरच्या पाच पाहिल्या. मग बोटाने एकेक मोजली.

"अकरा आहेत," ती शेवटी म्हणाली. "मी बारा मागितल्या होत्या."

"एक फुटली."

"खरंच?"

"आत्ता. काढताना."

काबुताच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. बेरेताला वाटलं ती रडतेय. ती हसत होती. हसता हसता तिने हातातला मासा परातीत आपटला आणि मग हसू थांबलं.

"मी सत्तर माणसांसमोर उभी राहिले," ती म्हणाली.

"हो."

"माझ्या सासऱ्याची बाटली."

"हो, ताई."

"म्हातारीने दात काढून दिले, बेरेता!"

बेरेताने एक कलंडलेली बाटली सरळ केली.  तिने वाळूकडे पाहिलं. "उद्या बुधवार," ती म्हणाली. "मंडळाची सभा आहे. मी सांगणार आहे."

काबुताचा चेहरा बदलला. तिने हात धुतले, पदराला पुसावे तसे झग्याला पुसले, आणि बेरेतासमोर येऊन बसली. गुडघे दुखत असताना, मांडी घालून.

"मी बुबुती करते," ती म्हणाली. "सांगू नकोस."

"ताई..."

"ऐक. आपण एका सासऱ्याच्या सुना. तुझ्या तोंडाला काळं ते माझ्या नातीच्या तोंडाला. पोरगी एक वर्षाची झालीय. आणि बायका काय करतील ठाऊक आहे? बाटल्या उचलून घरी नेतील. म्हणतील, प्रमुखच खोटी, तर तिची काचही खोटी. पुन्हा प्लास्टिक. बाटल्या मला मिळाल्या, माझं पोट भरलं. मी विसरले. तूही विसर. मागतेय मी."

बेरेताला आयुष्यात इतकी उबदार वस्तू कुणी देऊ केली नव्हती. फक्त गप्प बसायचं होतं. आणि रीतही तेच सांगत होती.  तोंडात तो शब्द घडवायला तिला फार वेळ लागला.

"नाही," ती म्हणाली.

काबुता ऐकूच आलं नाही अशी बघत राहिली.

"नाही, ताई. नाही देत. त्या मंगळवारी हेच म्हणायला पाहिजे होतं."

काबुता उठली, परातीपाशी गेली, पाठ करून बसली आणि मासे खवलू लागली. बेरेता थोडा वेळ थांबली, मग रिकामं पोतं घेऊन घरी आली.

मानेअबात प्रत्येक घराण्याची बसायची जागा ठरलेली असते. बुधवारी बेरेता आपल्या खांबापाशी बसली नाही. जिथे परगावची माणसं बसतात त्या कडेला, छपराच्या वळचणीला बसली, आणि तिथूनच बोलली. बारा वाक्यं असतील. बाटल्या फुटल्या नव्हत्या. मी लपवल्या होत्या. बुबुतीला खोटं बोलले. मग खोटं झाकायला प्लास्टिकात भरली, कोमटही नाही, गरमच, आणि बाळाला पाठवली. तुमच्या सव्वीस बाटल्या आणि नेई काबुताची एक माझ्या चौथऱ्यावर आहेत, ज्याच्या त्याने घेऊन जा. प्रमुख दुसरी निवडा. प्रभूने मला क्षमा करावी, तुम्ही करावी असं मी मागत नाही.

 समुद्राचा आवाज येत होता. एका बाईने मुलाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. दातांची बरणी देणारी म्हातारी मोठ्याने म्हणाली, "काय म्हणाली ती? मला ऐकू आलं नाही," आणि कुणीच तिला पुन्हा सांगितलं नाही. काबुता शेवटपर्यंत छताकडे बघत होती.

त्याच दिवशी बेरेताने माएरेला फोन करून खरं सांगितलं. माएरेने हातातलं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मग या बाटलीचं काय करू?" एवढंच. बेरेता म्हणाली, "धुण्याचा साबण भर." आई हा शब्द त्या फोनमध्ये एकदाही आला नाही. पुढच्या फोनमध्ये आला, पण त्याला तीन आठवडे लागले.

बायका बाटल्या घेऊन गेल्या. नऊ जणींनी नेल्या, बाकीच्यांनी नेल्या नाहीत, का ते कुणी बोललं नाही. दुकानदाराची बायको प्रमुख झाली. प्लास्टिक मात्र परत आलं नाही, निदान गरम काकवीला तरी नाही. हिरवी बाटली चौथऱ्यावर महिनाभर तशीच उभी राहिली. काबुता न्यायला आली नाही आणि बेरेताला परत करायची हिंमत झाली नाही. जहाजाच्या आदल्या दिवशी बेरेताने काकवी सकाळीच उकळली, भांडं झाकून ठेवलं आणि ती पार गार होईपर्यंत शेजारी बसून राहिली. मग हिरव्या बाटलीला नरसाळं लावलं. गार काकवी उतरायला जीव खाते. हात भरून आले. बाटलीला फुलांच्या तेलाचा बारीकसा वास होता.

आता आमच्या गावात एक बोलणं पडलं आहे. कुणाला काही द्यायचं नसलं आणि नाही म्हणवत नसलं, की माणूस डोळा बारीक करून म्हणतो, "फुटली बाई, नेई बेरेताच्या बाटलीसारखी." मागणारा हसतो आणि उठून जातो. भांडण होत नाही. पोरीसुद्धा म्हणतात, जिचं नाव त्यात आहे ती कोण हे ठाऊक नसलेल्या. परवा विहिरीवर दोघी उभ्या होत्या. एकीने कंगवा मागितला, दुसरी म्हणाली, "फुटला गं, नेई बेरेताच्या बाटलीसारखा," आणि दोघी खिदळल्या. बेरेता त्यांच्या मागेच पोहरा घेऊन उभी होती. तिचे कान तापले. दर वेळी तापतात.

"आटपा गं लवकर," ती म्हणाली. "मला पाणी भरायचंय."